आत्याचं काळं मशीन आणि खालचा गुंता

घाईत असाल तर एवढंच वाचा आणि मशीनकडे जा. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होत असेल तर बॉबिनला (खालचा दोरा गुंडाळलेली छोटी चकरी) हात लावू नका, वरचा दोरा बघा. मला जे जे भेटले, शेजारच्या काकू, जाऊबाई, व्हिडिओतला तो भरभर बोलणारा मुलगा, दोरे विकणारा दुकानदार, सगळ्यांनी खालीच बोट दाखवलं, कारण गुंता खाली दिसतो ना, मग दोष पण खालीच असणार असं वाटतं. बॉबिन बदल, बॉबिन केस (बॉबिन बसते ती डबी) बदल, तिचा स्क्रू आवळ, सैल कर, आणि गुंता जिथल्या तिथे. ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी आता सगळं सविस्तर लिहिते.

मशीन आत्याचं. आम्ही सोलापूरचे, इथे शिलाई मशीन ही काही नवलाची गोष्ट नाही, शाळेचे गणवेश शिवणारे एवढे कारखाने आहेत की गल्लीत एखादं तरी मशीन खडखडत असतंच. आत्या मात्र कारखान्याचं काम करायची नाही, घरीच ब्लाऊज आणि परकर शिवायची, फॉल लावायची. मग गुडघे दुखायला लागले आणि मशीन बंद झालं, त्याच्यावर आधी टीव्ही आला, टीव्ही भिंतीवर गेल्यावर मनीप्लांट आला. लोखंडी पायाचं, काळं, सोनेरी वेलबुट्टी अर्धी पुसलेली, कंपनीचं नाव वाचता येत नाही. मला म्हणाली, घेऊन जा पण विकायचं नाही. टेम्पोवाल्याने उचलताना जे तोंड केलं त्यावरून वजन कळलं.

घरी आणून चाक फिरवायला गेले तर हलेचना. दोन्ही हातांनी जोर लावला तर कुठेतरी आत कुरकुर झाली आणि इंचभर सरकलं. नवरा म्हणाला भंगारात चांगला भाव येईल. पण गंज तसा नव्हता, सोलापूरची हवा कोरडी, लोखंड इथे सहसा सडत नाही. अडचण होती जुन्या तेलाची. मशीन चालू असतं तेव्हा तेल पातळ राहतं, वर्षानुवर्षं बंद राहिलं की ते सुकून तपकिरी चिकट थर होतो, गुळाच्या पाकासारखा, आणि सगळे सांधे त्यात अडकून बसतात. त्यातून आत्याने शेवटी शेवटी मशीनचं तेल संपलं की खोबरेल घातलेलं, हे तिने फोनवर अगदी सहज सांगितलं. खोबरेल साधारण २४ अंशाला गोठतं, म्हणजे आपल्याकडे डिसेंबरातल्या कुठल्याही सकाळी बाटलीत गोठलेलं दिसतं तेच मशीनच्या आत पण होतं. म्हणून खोबरेल नको, गोडेतेल तर नकोच नको, दुकानात लांब नाकाच्या छोट्या बाटलीत पातळ पांढरं मशीन ऑइल मिळतं तेच.

आता हे सुकलेलं तेल काढायला रॉकेल लागतं आणि रॉकेल आजकाल मिळत कुठे, रेशनवर मिळायचं ते दिवस गेले. आईकडे माळ्यावर एका बाटलीत थोडं निघालं. मशीनच्या डोक्यावर, मानेवर जिथे जिथे छोटी भोकं आहेत त्या सगळ्यात थेंब थेंब रॉकेल, मग वादी (खालचं मोठं चाक आणि वरचं चाक जोडणारा पट्टा) काढून मशीन मागे कलतं केलं (पायाच्या मशीनला मागे बिजागरी असते, उचललं की पूर्ण डोकं मागे झोपतं, हे मला माहीतच नव्हतं) आणि खालच्या बाजूला जे जे हलतं त्या सगळ्यावर. रात्रभर ठेवलं, गॅसपासून लांब आणि खिडकी उघडी ठेवून, हे महत्त्वाचं. सकाळी चाक हळूहळू मागेपुढे करत करत एकदाचं पूर्ण फिरलं, आणि खालून काळं पाणी आल्यासारखं तेल गळायला लागलं. ते सगळं पुसून घ्यायचं आणि मग खरं मशीन ऑइल घालायचं, रॉकेल तसंच ठेवायचं नाही कारण रॉकेल साफ करतं, वंगण देत नाही.

त्याच दिवशी सुईखालची चकचकीत पट्टी काढली. दोन स्क्रू. खाली जे दाते असतात, कापड पुढे ढकलणारे, त्यांच्या मधल्या फटीत पिसारा, म्हणजे कापडाचे-दोऱ्याचे बारीक तंतू, साठून साठून असा घट्ट झालेला की तुकडा काढला तर नमद्याची पट्टीच निघाली. एवढं साठलं की दाते पट्टीच्या वर पुरेसे येत नाहीत आणि कापड जागच्या जागी शिवलं जातं, म्हणजे टाके एकावर एक. जुनं मशीन आणलं असेल आणि कापड सरकत नसेल तर आधी हे बघा, सुईने किंवा दात घासायच्या जुन्या ब्रशने खरवडून काढा. फुंकर मारू नका, पिसारा आणखी आत जातो.

वादी नवी घेतली. जुनी चामड्याची वाळून लाकूड झालेली आणि ताणून लांब पण झालेली, वरच्या चाकावरून घसरायची, पाय मारले की खालचं मोठं चाक फिरतंय आणि वरचं ढिम्म. नवी साधारण सहा फुटाची येते, टोकाला भोक पाडून तारेचा हूक अडकवायचा, जास्त घट्ट केली तर पायाला जड जातं आणि सैल ठेवली तर घसरते, मग थोडी थोडी कापत बसवायची. एकदम कापू नका एवढंच.

पायाचं मशीन शिकताना सुरुवातीला सगळ्यांचं होतं ते माझंही झालं, पाय मारले की चाक उलटं जायचं. वरचं चाक नेहमी आपल्याकडे फिरलं पाहिजे. उलटं गेलं की दोरा आत अडकतो आणि तुटतो, आणि नवख्या माणसाला वाटतं मशीन बिघडलं. उजव्या हाताने चाक आपल्याकडे ढकलून सुरुवात करून द्यायची, मग पाय. आत्याने सांगितलं की सुईत दोरा न घालता वहीच्या कागदावर शिव, रेघेवरून. ते फार कामी आलं, रेघ सुटली की भोकांवरून लगेच दिसतं. फक्त कागदावर सुई बोथट होते, सराव संपला की सुई बदलायची.

आता दोरा. इथून खरी कटकट सुरू झाली.

एक जुनं सुती कापड दुहेरी घेतलं, शिवलं, वरून बघितलं तर काय सुंदर, सरळ रेघ, फोटो काढण्यासारखं. उलटं केलं तर खाली दोऱ्याचं जाळं. मोठमोठे फास, एकमेकांत अडकलेले, आणि थोडं पुढे गेलं की मशीन जाम, कापड निघेना, कात्रीने कापून सोडवायचं. मग वर सांगितलं तसे सल्ले सुरू झाले. काकूंनी बॉबिन केसचा स्क्रू इकडचा तिकडे केला. जाऊबाई म्हणाल्या बॉबिन केसच नवी घे, घेतली, फरक शून्य. व्हिडिओवाला म्हणाला टेन्शन, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण, वाढवा, डाव्या बाजूला जो नट असतो दोन चकत्यांच्या पुढे (वरचा दोरा या चकत्यांच्या मधून जातो), तो मी आवळत गेले आवळत गेले, शेवटी नट पुढे जाईना पण फास तसेच.

मग मी एक केलं जे मला वाटतं प्रत्येक शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी करावं. वर लाल दोरा घातला आणि बॉबिनमध्ये पांढरा. वेगळे रंग. आणि परत शिवलं. खाली जे जाळं आलं ते सगळं लाल! पांढरा दोरा बिचारा मधून सरळ ताणलेला, म्हणजे बॉबिनचं काहीच चुकत नव्हतं, वरचाच दोरा बेसुमार खाली जात होता.

हे असं का होतं ते समजून घ्यायला मी चाक हाताने अगदी हळू फिरवून बघितलं, खालची सरकपट्टी उघडी ठेवून. सुई दोरा घेऊन खाली जाते, तळाला पोचते आणि किंचित वर येते, तेव्हा तिच्या सपाट बाजूला दोऱ्याचा एक छोटा फास फुगतो. शटलचं, म्हणजे बॉबिन केसभोवती फिरणाऱ्या आकड्याचं, टोक त्या फासात घुसतं, त्याला पकडतं आणि अख्ख्या बॉबिन केसवरून फिरवून आणतं. म्हणजे बॉबिनचा दोरा स्वतःहून वर जात नाही, वरचाच दोरा दरवेळी खाली जाऊन त्याला वेढा घालून परत येतो. आणि परत कोण आणतं तर वरचा तो हात, पुढच्या बाजूला खाचेतून वर-खाली होतो तो, तो वर जाताना जादाचा दोरा ओढून घेतो आणि टाका आवळला जातो. आता गंमत बघा, तो हात वर जाताना दोऱ्याला दोन्हीकडून ओढतो, एका बाजूला कापडाखालचा फास आणि दुसऱ्या बाजूला रीळ. रिळाकडची बाजू जर चकत्यांनी घट्ट धरून ठेवली असेल तर हात फास वर ओढतो. चकत्यांनी धरलंच नाही तर हाताला काय, जिकडून सोपं पडेल तिकडून दोरा घेणार, म्हणजे रिळातून, आणि फास राहिला खाली लोंबकळत. पुढच्या टाक्याला आणखी एक फास. झालं जाळं.

टोकाला भोक असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा ही रचना एलायस होव या अमेरिकन माणसाने १८४६ ला पेटंट केली, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली त्याच्या सात वर्षं आधी, आणि अजूनही घरातलं मशीन याच तत्त्वावर चालतं. बघत बसले तर तासभर गेला, स्वयंपाक राहिला.

तर चकत्या दोरा धरत नव्हत्या. नट एवढा आवळूनही. त्याची दोन कारणं असू शकतात. एक, दोरा चकत्यांच्या मध्ये गेलेलाच नसतो, वरच्यावर राहतो. दोरा ओवताना सुईजवळचा फूट, कापड दाबून धरणारा, वर उचललेला पाहिजे, फूट वर असला की चकत्या मोकळ्या होतात आणि दोरा आत बसतो, खाली असला की चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा बाहेरून घसरून जातो. बहुतेक जणांचा गुंता एवढ्यानेच सुटतो, म्हणून पहिलं काम, सगळा वरचा दोरा काढा, फूट उचला, परत पहिल्यापासून ओवा. माझ्या केसमध्ये हे करूनही तसंच. मग दुसरं कारण. मी नट पूर्ण काढला, त्याच्यामागे स्प्रिंग, मग चकत्या, काढताना प्रत्येक वस्तू ज्या क्रमाने निघाली त्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडली आणि मोबाइलवर फोटो काढला (हे विसरू नका, ती स्प्रिंग उडून कपाटाखाली जाते). आणि दोन चकत्यांच्या मध्ये आत्याच्या काळातल्या दोऱ्याचा एक तुकडा, हिरवा, तेल आणि धूळ पिऊन कडक झालेला. त्याच्यामुळे चकत्या एकमेकींना टेकतच नव्हत्या. मी बाहेरून कितीही आवळलं तरी मधे फट. चकत्या फडक्याने पुसल्या, परत बसवल्या, नट मधेच कुठेतरी ठेवला, शिवलं. खाली लाल दोऱ्याचे फक्त बारीक ठिपके. नट अजून थोडा फिरवला, ठिपके गेले.

मी एकटीच होते घरी, नाहीतर ओरडलेच असते.

उलटं पण लक्षात ठेवा, वरच्या बाजूला बॉबिनच्या दोऱ्याचे ठिपके किंवा ताणलेली सरळ रेघ दिसत असेल तर वरचा दोरा जास्त घट्ट आहे, नट सैल करा. बॉबिन केसचा स्क्रू हा शेवटचा उपाय, आणि तो फिरवायचाच असेल तर पाव फेरा, त्याहून जास्त नाही. काकूंनी फिरवलेला मला परत जागेवर आणावा लागला. त्याची खूण अशी की बॉबिन भरलेली केस दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवायची, आपोआप खाली गेली नाही पाहिजे, पण हाताला हलका झटका दिला की थोडी खाली सरकून थांबली पाहिजे. धडाधड खाली गेली तर सैल, हललीच नाही तर घट्ट.

आता वाटलं झालं सगळं. दोन पिशव्या शिवल्या पण. आणि मग टाके सुटायला लागले. म्हणजे छान पाच-सहा टाके आणि मग एक लांबच लांब, परत दोन नीट, परत लांब. दोरा तोच, कापड तेच. काय बदललं होतं तर सुई, कागदावरच्या सरावाने जुनी बोथट झाली म्हणून पेठेतल्या एका दुकानातून नवीन पाकीट आणलेलं, दुकानदाराने मशीन कुठलं वगैरे काही विचारलं नाही, दिलं काढून. दोन्ही सुया शेजारी ठेवल्या तर चक्क वेगळ्या. आत्याच्या मशीनमधल्या सुईचा वरचा जाड दांडा एका बाजूने सपाट, आणि नवीन पाकिटातल्या सुईचा दांडा पूर्ण गोल, आणि बारीक. ती कारखान्यातल्या मोठ्या मशीनची सुई. आमच्या गावात तीच जास्त खपते म्हणून तीच दिली असणार. घरगुती मशीनमध्ये ती घुसते, स्क्रू आवळला की बसते पण, म्हणून कळत नाही, पण उंची जुळत नाही, गोल असल्यामुळे नेमकी दिशा पण सापडत नाही, आणि शटलचं टोक येतं तेव्हा फास योग्य जागी नसतो. फास चुकला की टाका सुटला. इतका सरळ हिशोब. तेव्हा दुकानात जाताना जुनी सुई कागदात गुंडाळून सोबत न्या आणि घरगुती मशीनची, सपाट दांड्याची असं स्पष्ट सांगा.

सुईबद्दल अजून थोडं कारण अर्धे आजार सुईचेच निघतात. सुईला एका बाजूला वरपासून खालपर्यंत लांब खाच असते, दोरा ज्या बाजूने ओवायचा त्या बाजूला ती खाच, सपाट बाजू त्याच्या विरुद्ध. कुठल्या बाजूने ओवायचं हे मशीनप्रमाणे बदलतं, पण भोकाच्या आधी दोरा अडकवायची जी शेवटची तार असते ती ज्या बाजूला असेल तिकडून, असा माझा आतापर्यंतचा अनुभव. सुई पूर्ण वरपर्यंत ढकलून मगच स्क्रू आवळायचा, थोडी जरी खाली राहिली तरी टाके सुटतात. नंबर बघायचे, पाकिटावर ९०/१४ असं लिहिलेलं असतं, त्यातला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९ मिलिमीटर, आणि १४ हा त्याच जाडीचा दुसरा नंबर. पातळ कापडाला ११, साध्या सुती कापडाला १४, जाड सुतीला १६, जीन्सला १८. आणि लेगिंगसारख्या ताणणाऱ्या कापडाला बोथट गोल टोकाची वेगळी सुई येते, साध्या सुईने त्याच्यावर टाके सुटतातच, मशीनला शिव्या देऊन उपयोग नाही.

सुया मोडल्या त्या चादरीमुळे. जुन्या सोलापुरी चादरीची बॅग शिवायची हौस. ज्यांनी ती चादर हातात घेतलीय त्यांना कळेल, दुमडून चार पदर झाले की काय जाडी होते. कापड पुढे जाईना म्हणून मी मागून ओढत होते आणि टचकन सुई गेली. कापड ओढायचं नसतं, दाते नेतात तेवढंच जाऊ द्यायचं, आणि दाते कापड नेतात ते सुई वर असताना. आपण ओढलं की सुई कापडात असतानाच वाकते आणि खाली भोकात जायच्या ऐवजी पट्टीवर आपटते. जाड जागी आली की पाय थांबवायचे आणि चाक हाताने फिरवत एकेक टाका घ्यायचा. मोडलेल्या सुईचं टोक शोधून काढा मात्र, ते शटलमध्ये गेलं तर दुसरं दुखणं.

तर त्या आपटण्यातून पुढचा आजार, दोरा तुटणे. आधी वाटलं रीळ जुनं. आत्याच्या डब्यातली रिळं होती खरंच जुनी, दोन्ही हातात धरून झटका दिला की आवाज न करता तुटायची, ती सगळी बाजूला काढली (रंग फार सुंदर होते, टाकवत नाहीत, बाटलीत भरून ठेवलीत). नवीन दोरा घातला तरी थोडं शिवलं की तुटतोय, आणि तुटलेलं टोक पिंजलेलं. इथे मी हात टेकले आणि मेकॅनिकना बोलावलं, आत्याच्या ओळखीचे मामा, कारखान्यातली मशीनं बघतात, रविवारी आले.

त्यांचं बघणं बघण्यासारखं होतं. आल्या आल्या टेन्शनला हात लावला नाही, बॉबिनला नाही, स्क्रू-ड्रायव्हर पिशवीतच. आधी सुई काढली आणि तिचं टोक अंगठ्याच्या नखावरून हलकेच ओढलं, नखावर ओरखडा आला तर टोक गेलंय. ते ठीक होतं. मग माझ्याकडून कापूस मागितला, देवासमोरच्या वातीचा दिला, तो पट्टीवरच्या भोकाभोवती फिरवला आणि एका जागी कापसाचे तंतू अडकले. "हे बगा ताई, सुईनं ठोकलंय हितं." डोळ्याला काहीच दिसत नव्हतं. बारीक पॉलिश पेपरची सुरळी करून भोकातून फिरवली, परत कापूस, आता अडकला नाही. दोरा तिथे घासून तुटत होता. एवढंच.

मी म्हटलं मामा आता सगळं बघूनच घ्या, तर म्हणाले कशाला, चालतंय त्याला उगीच उघडायचं नाही. पण बॉबिन नीट भरत नाही ते दाखवलं. बॉबिन भरायला चाकाच्या मधला छोटा नट सैल करतात म्हणजे चाक फिरतं पण सुई स्थिर राहते, आणि वरच्या चाकाला टेकून बॉबिनचं छोटं चाक फिरतं. त्या छोट्या चाकाला रबराची रिंग असते, ती कडक होऊन फुटलेली, म्हणून घसरत होतं आणि बॉबिन सैल, वेडीवाकडी भरत होती. सैल भरलेली बॉबिन कधी दोरा मोकळा सोडते, कधी अडकवते, टाके लहान-मोठे दिसतात. त्यांच्या पिशवीत रिंग होती, लगेच घातली. बॉबिन गच्च काठोकाठ भरायची नाही, केसमध्ये घासते, हे पण सांगितलं.

आणि एक ते हसत हसत म्हणाले, नवशिक्यांचे सगळ्यात जास्त फोन कशाचे येतात माहितेय का, चाक फिरतंय पण सुई हलत नाही, मशीन बिघडलं. बॉबिन भरून झाल्यावर तो मधला नट परत आवळायचाच राहिलेला असतो. यूट्यूब बघून कोणी तो नट पूर्ण उघडून आतला वॉशर काढला असेल तर आणखी घोळ, कारण तो वॉशर अर्धा फेरा फिरवून पण बसतो आणि तसा बसला की नट धड आवळला जात नाही नाहीतर सैल होत नाही. तसं झालं तर काढून अर्धा फेरा फिरवून परत बसवायचा, मेकॅनिकची गरज नाही. दोनशे रुपये घेतले आणि चहा, आणि जाताना तेलाबद्दल दम दिला, रोज शिवत असशील तर रोज थेंब थेंब, आणि तेल घातल्यावर आधी फडक्यावर चालवायचं, नाहीतर कोणाच्या तरी नव्या ब्लाऊजपीसवर डाग.

आता मशीन चालतंय. आवाज येतो थोडा, पण आत्या फोनवरून ऐकून म्हणाली की हाच आवाज होता. काही झालं की मी एक क्रम ठेवलाय: वरचा दोरा परत ओवायचा, मग सुई बदलायची, मग पिसारा साफ, मग तेल, आणि यातलं एका वेळी एकच, म्हणजे कशाने बरं झालं ते कळतं. सगळं एकदम केलं तर पुढच्या वेळी परत अंधारात. दोन रंगाचे दोरे आणि एक चिंधी मशीनच्या ड्रॉवरमध्ये कायम ठेवलेत तपासायला. इथपर्यंत आल्यावर टेन्शनचा नट कधीतरी फिरवायची वेळ येते, आणि काकूंनी फिरवलेला जागेवर आणला तेवढा सोडला तर बॉबिन केसच्या स्क्रूपर्यंत मी अजून पोचलेली नाही.

रिव्हर्स तेवढा राहिलाय. टाक्याची लांबी ठरवायची दांडी वर उचलली की मशीन मागे शिवायला पाहिजे, पण ती दांडी जाम आहे, रॉकेल घातलं, तेल घातलं, अर्ध्यावर येऊन अडते. मामा म्हणाले पुढच्या वेळी मागची बाजू उघडून बघू. तोपर्यंत शिलाई संपली की फूट उचलते, कापड गर्रकन फिरवते आणि तीन-चार टाके उलटे घालून दोरा कापते, उसवत नाही.